सिद्धीची पावती मिळेल का?

कुंडलिनी जागी करून मिळेल. शनिवार-रविवार, दुपारचं जेवण आणि प्रमाणपत्रासह. येताना चटई आणावी.

अशा फलकाखाली उभा असलेला पुणेकर काय विचारतो? पार्किंग आहे का. जेवणात कांदा-लसूण असतो का. एक दिवस बुडला तर पुढच्या बॅचला बसता येईल का. कुंडलिनी खरंच जागी होते का, एवढं सोडून सगळं विचारतो.

हाच माणूस कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवाल्याशी दहा मिनिटं हुज्जत घालतो. रिक्षाच्या मीटरकडे संशयाने बघतो. मोक्ष मात्र छापील किमतीला घेतो.

सिद्धी आठ. अणिमा म्हणजे अणूएवढं होणं, लघिमा म्हणजे पिसासारखं हलकं होणं, वगैरे. शहरात एवढी केंद्रं, एवढे वर्ग, एवढे साधक. मग संध्याकाळी सात वाजता चांदणी चौकावरून तरंगत घरी निघालेला एक तरी दिसायला नको? सगळे सिग्नलला आमच्याच शेजारी हॉर्न वाजवत उभे.

पतंजलींना बोल लावू नका. योगसूत्रांचे पाद चार. तिसऱ्यात विभूती आहेत: भूत-भविष्याचं ज्ञान, हत्तीचं बळ, पाण्यावरून चालणं, आकाशातून जाणं. पण त्याच पादात हेही बजावलंय की समाधीच्या वाटेवर या सिद्धी म्हणजे विघ्नं. चौथा पाद तर उघडतोच सिद्धीच्या पाच वाटांनी. त्यात जन्म आहे, औषधी आहे; समाधी सगळ्यात शेवटी.

आमच्या वर्गवाल्यांनी विभूती छापल्या, इशारा गाळला. म्युच्युअल फंडवाले तो शेवटी भरधाव का होईना, वाचून तरी दाखवतात.

लांब कशाला, आळंदीला जा. चौदाशे वर्षं जगलेला चांगदेव वाघावर बसून, सापाचा चाबूक हातात घेऊन आला, तेव्हा ज्ञानेश्वरांनी बसल्या जागी भिंत चालवली, ही कथा पोराटोरांना पाठ. पण त्याआधी चांगदेवाने कोरं पत्र पाठवलं होतं. मायना काय लिहावा, तेच त्याला सुचेना. ते बघून मुक्ताई म्हणाली, इतकी वर्षं जगून हा कोराच राहिला की! योगसामर्थ्याची एवढी नेमकी टर मराठीत नंतर कुणी उडवली असेल, तर दाखवा. पुढे चांगदेवाने त्याच मुलीला गुरू केलं.

आळंदीत मात्र सगळे विचारतात, भिंत कुठे आहे?

भिंतीची चिंता नसावी. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने दिवंगत संतांचे चमत्कार सांगण्याला स्पष्ट मोकळीक दिली आहे. कायद्याच्या अनुसूचीत १२ बाबी आहेत. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणं ही त्यातलीच एक. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं.

थोडक्यात, अडचण जिवंतांची आहे.

१९६६ साली मुंबईत एल. एस. राव नावाच्या हठयोग्याने पाण्यावरून चालून दाखवण्याचं जाहीर केलं. रीतसर तिकीट लावलं. टाकी बांधली, गर्दी जमली. योगीराजांनी पाऊल टाकलं आणि थेट तळ गाठला.

असे प्रयोग फसले की खुलासा ठरलेला असतो: प्रेक्षकांत कुणीतरी अश्रद्ध बसला होता. म्हणजे योग्याची चाळीस वर्षांची साधना एका टवाळाच्या दोन मिनिटांच्या शंकेपुढे टिकत नाही. मग साधना कुणाची मोठी?

त्याच १९६६ साली पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांचं ‘लाइट ऑन योगा’ प्रसिद्ध झालं. अय्यंगार १९३७ मध्ये इथे आले, मॉडेल कॉलनीतली त्यांची संस्था १९७५ ची. तिथे काय दिसतं? भिंतीला दोर, पट्टे, लाकडी ठोकळे, घडीच्या खुर्च्या. तरंगणारं कुणी नाही. उलट टाच जमिनीला टेकली नाही म्हणून ओरडा बसायचा. लघिमा राहू दे, आधी गुडघा सरळ कर!

जगभरातले लोक विमानाने पुण्यात आले, ते या टाचेसाठी.

लोणावळ्याचं कैवल्यधामही आठवा. स्वामी कुवलयानंदांनी ते १९२४ मध्ये काढलं. नौली करताना पोटात दाब किती बदलतो, हे स्वामी यंत्र लावून मोजत होते. क्ष-किरणांनी आतडी बघत होते. त्याच वर्षी त्यांनी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढलं, आकडे छापले. शंभर वर्षांपूर्वी, लंगोट लावलेला माणूस, पुण्यापासून दोन तासांवर. आजच्या ‘एनर्जी हीलर’कडे मोबाइल आहे, लॅपटॉप आहे, ड्रोनसुद्धा आहे. मोजमाप मात्र नाही.

हृदय थांबवणारे योगी? तेही तपासून झालं. १९६१ मध्ये वेंगर, बागची आणि आनंद यांनी चार योग्यांना यंत्राला जोडलं. श्वास कोंडून, छाती आवळून मनगटाची नाडी लागेनाशी व्हायची. कागदावरची रेघ मात्र ठोके दाखवतच होती. एकाने ठोके खरंच मंद केले, पण थांबवले कुणीच नाहीत.

ध्यानाने चित्त थाऱ्यावर येतं, झोप सुधारते, रक्तदाबही थोडा उतरू शकतो. कबूल. विपश्यनेच्या दहा दिवसांत तोंड उघडायचं नाही, हा नियम पुणेकर पाळतो, तीच खरं तर नववी सिद्धी. पण झोप सुधारली म्हणून कुणी फ्लेक्स लावतं का?

ज्ञानप्राप्ती हा तर आणखी सोयीचा माल. सिद्धी निदान दिसायला लागते. ज्ञान झालं, हे ज्याचं त्याने सांगायचं. रजनीशांनी सांगितलं, आपल्याला ते २१ मार्च १९५३ ला झालं. तारखेसकट. १९७४ मध्ये ते कोरेगाव पार्कात आले. पुढे ओरेगॉनच्या मुक्कामात शिष्यांपैकी कोण कोण ज्ञानी झाले, याची यादीच जाहीर झाली. नंतर सांगण्यात आलं, ती गंमत होती.

विद्यापीठ निकाल रद्द करतं, तेव्हा निदान मोर्चा तरी निघतो.

बुद्धत्व तपासायला कोरेगाव पार्कात यंत्र नव्हतं. प्रवेशाआधी एचआयव्हीची चाचणी मात्र सक्तीची होती. अलीकडे तिथले दोन भूखंड १०७ कोटींना विकायचं ठरलं, आणि डिसेंबर २०२३ मध्ये धर्मादाय सहआयुक्तांनी परवानगी नाकारली. सोडून द्या, सोडून द्या, असं आपण नुसतं म्हणायचं. सोडायलाही सरकारी सही लागते.

आणि आता हसू आवरावं लागेल अशी गोष्ट. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी ओंकारेश्वराजवळच्या पुलावर जादूटोणाविरोधी कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या. वर्षानुवर्षं अडलेल्या त्याच कायद्याचा वटहुकूम मग चार दिवसांत निघाला. भूत-भविष्य जाणणाऱ्यांची एवढी दाटी असलेल्या शहरात मारेकऱ्यांची नावं सांगायला एकही त्रिकालज्ञ पुढे आला नाही. दोघांना जन्मठेप झाली ती मे २०२४ मध्ये, न्यायालयात, साक्षीपुराव्यांवर.

मधल्या काळात पोलिसांनीच तपासासाठी प्लँचेट केल्याचा आरोप एका इंग्रजी नियतकालिकाने २०१४ मध्ये केला. तेव्हाच्या आयुक्तांनी तो फेटाळला. फेटाळला हे बरंच झालं. पण ऐकल्यावर ‘शक्यच नाही’ असं किती जणांच्या तोंडून निघालं?

दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं, म्हणजे अंनिसचं, २१ लाखांचं आव्हान जुनं आहे. चमत्कार सिद्ध करा, रक्कम घेऊन जा. कुणीही नेली नाही. सिद्धांना पैशाचा मोह नसतो म्हणावं, तर शिबिराची फी आगाऊ का? की २१ लाखांत हल्ली पुण्यात वन-बीएचकेसुद्धा येत नाही, म्हणून एवढी उदासीनता?

मोठ्यांना सिद्धी जमेना, तेव्हा बाजार मुलांकडे वळला. दहा-बारा वर्षांपूर्वी ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’चं पीक आलं होतं. थोडं संगीत, थोडं ध्यान, हजारोंची फी. मग पोरगं डोळ्यांवर पट्टी बांधून पुस्तक वाचणार, रंग ओळखणार. टाळ्या! पट्टीखाली नाकाशेजारी एक फट राहते. अंनिसच्या कार्यकर्त्यांनी ती फट बुजवली की मेंदूही बुजायचा. आईबाप इंजिनिअर, डॉक्टर, बँकेत अधिकारी. फटीबद्दल एकानेही विचारलं नाही, कारण पोरगं शेजाऱ्यांच्या पोराच्या पुढे चाललं होतं.

ती मुलं आता कॉलेजात असतील. त्यांतल्या कितींना चष्मा लागला, ते एकदा लक्ष्मी रोडच्या चष्मेवाल्यांना विचारायला हवं.