बालहेल्मेट : जतन, दुरुस्ती व विसर्जन

रविवारी सकाळी पुण्याजवळच्या एखाद्या डर्ट ट्रॅकवर आठ वर्षांचे पोर ५० सीसीच्या गाडीसकट धुळीत आडवे झाले, की पालकांनी पुढील क्रमाने धावावे : आधी पोर, मग गाडी, शेवटी हेल्मेट. ते बाहीने पुसावे आणि मोठ्याने म्हणावे, "काही झालेलं नाही!" कोणाला, ते सांगू नये.

हेल्मेटला खरोखरच काही झालेले दिसत नाही, हीच तर आपली सोय. वरचे कवच नुसते खरचटते. मार खातो तो आतला थर्माकोल. तो चेपतो म्हणून डोके वाचते, आणि एकदा चेपला की पुन्हा फुगत नाही. २०१८ च्या थर्माकोलबंदीआधी ज्यांनी गणपतीची मखरे कापली, त्यांना हे शिकवायला नको. अंगठा रुतला की खळगा कायमचा. वरून सोनेरी कागद चिकटवायचा आणि आरतीला उभे राहायचे. हेल्मेटलाही हाच उपाय. तडा गेला असेल तिथे स्टिकर लावावा, शक्यतो कवटीचा. रंग, थिनर, पेट्रोल आणि काही गोंदांनी प्लास्टिकचे कवच आणखी कमजोर होते, पण शोभा वाढते. (अस्तर काढून आत डोकावू नये. खळगा दिसला तर पैसे जातात, नाही दिसला तरी काही सिद्ध होत नाही. म्हणूनच शर्यतवाले डोक्यासकट आपटलेले हेल्मेट न तपासता बाद करतात. उधळे लोक.)

रिकामे हेल्मेट सीटवरून घरंगळले तर मात्र सुतक पाळायला नको. आत डोकेच नसल्याने थर्माकोलला चेपणारे कोणी नसते. कवचाला तडा नाही ना, एवढे पाहावे.

मापाबाबत शाळेच्या गणवेशाचे शास्त्र वापरावे : वाढत्या अंगाचे घ्यावे. अडचण एवढीच, की डोके पहिल्या पाच वर्षांतच बरेचसे वाढून मोकळे होते. पुढची वाढ पायांत आणि मागण्यांत. पट्टा बांधून हेल्मेट हलवले तर कपाळाची कातडी सोबत हलायला हवी. हेल्मेट डावीकडे आणि पोर समोर पाहत असेल, तर गालांच्या गाद्या बसल्या आहेत किंवा खरेदी तुम्ही केली आहे. उलट "बाबा, कपाळाला टोचतंय" अशी तक्रार आली, तर "सवय होईल" म्हणावे. बुटांच्या बाबतीत हे कैक पिढ्या चालले आहे.

वयाचा प्रश्न नाजूक. १९५६ साली शर्यतीत जीव गमावलेल्या पीट स्नेलच्या नावाने पुढच्याच वर्षी अमेरिकेत एक संस्था निघाली. ती हेल्मेटे आपटून तपासते आणि पाच वर्षांनी बदला म्हणते. घाम, डोक्याचे तेल आणि रोजची झीज आतले साहित्य खाते म्हणून. आपल्याकडे डोक्याला तेल किती, हे त्यांनी पाहिलेले नाही. निर्मितीची तारीख अस्तराखाली किंवा पट्ट्यावर असते. ती सापडेपर्यंत हेल्मेट नवेच समजावे.

इतके करूनही बदलण्याची वेळ आलीच, तर जुने मावसभावाच्या मुलाला देण्याची थोर परंपरा आहे. तिला आळा घालायचा तर आधी पट्टा कापावा. आमच्याकडे पट्टा कापल्यावर आजींनी त्यात कोथिंबीर पेरली. हवेच्या भोकांतून पाणी छान निथळते.