पुस्तकाच्या पोटातला मुद्देमाल

मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर काय किंवा पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात काय, जुनं पुस्तक हाती आलं की मुरलेला गिऱ्हाईक आधी ते उलटं धरून झटकतो. मग पडतात बेस्टची तिकिटं, लाँड्रीची पावती, अर्धवट लिहिलेलं अंतर्देशीय. शाळेचं पुस्तक असेल तर मोरपीस हमखास. (पिसाला पिल्लं होतात, या श्रद्धेपायी कित्येक भूगोल अकाली फुगले.)

तिकीट बहुतेक वेळा प्रस्तावनेतच सापडतं. वाचक तिथंच उतरलेला असतो.

ही खोड जुनी आहे. डरहॅमचे बिशप रिचर्ड द बरी यांनी 1345 साली पूर्ण केलेल्या ‘फिलोबिब्लॉन’मध्ये पानांत गवताच्या काड्या खोचणाऱ्या आणि पुस्तकावर चीज खाणाऱ्या विद्यार्थ्यांची यथेच्छ खरडपट्टी काढली आहे. वडापावचा तेलकट कागद त्यांच्या नशिबी नव्हता, एवढंच.

आपल्याकडे मात्र पुस्तक ही घरातली सर्वांत सुरक्षित तिजोरी. कारण ते कुणी उघडत नाही. 2016 च्या नोटाबंदीत बाद झालेल्या पाचशेच्या नोटा अशा तिजोरीतून निघाल्या, तर मात्र मोजून घ्याव्यात. 2017 च्या कायद्यानं दहापर्यंत नोटा बाळगायला मुभा आहे. अकरावी निघाली की दंड. अभ्यास किंवा संशोधनासाठी पंचवीस चालतात. तेव्हा आजोबांच्या ग्रंथांत अकरा नोटा सापडलेल्या नातवानं तातडीनं पीएचडीला नाव नोंदवावं.