राजस्थान कसे करावे

मराठी माणूस प्रदेशाला जात नाही, प्रदेश करतो. केरळ केलं, युरोप केलं, अष्टविनायक तर दोन दिवसांत केले. आता राजस्थान तेवढं करायचं राहिलंय. हे कार्य पूर्वी चाळीस जणांच्या बसमधून, सहाला उठणे, सातला नाश्ता, आठला प्रस्थान या त्रिसूत्रीवर पार पडत असे. हल्ली दोन जोडपी मिळून स्वतंत्र गाडी, स्वतंत्र चालक आणि शहरागणिक वेगळा गाइड ठरवतात: जयपूर, जोधपूर, जैसलमेर, उदयपूर, वाटेत कुंभलगड, गुडघ्यांनी परवानगी दिल्यास चितोड. आठ वाजता निघायला सांगणारे कोणी नसते, त्यामुळे चुका करायला भरपूर वाव मिळतो. म्हणून हे मार्गदर्शन. त्याचा मुख्य सिद्धांत आरंभीच सांगून टाकणे बरे. राजस्थानला जाताना सामानात रायगड नेऊ नये. चिवडा न्यावा, मेतकूट न्यावे, गुडघ्याचा पट्टा न्यावा. रायगड बॅगेत नीट बसत नाही, आणि प्रत्येक किल्ल्याच्या दारात तो बाहेर काढावा लागतो.

बाहेर काढायची रीत ठरलेली आहे. आमेरच्या गणेश पोलाखाली मान वर करून रंगकाम पाहायचे, दोन फोटो काढायचे, आणि मग गाइडला ऐकू जाईल पण कळणार नाही अशा बेताने म्हणायचे, "छान आहे हो, पण आपल्या रायगडाची सर नाही." मेहरानगडला हेच वाक्य, जैसलमेरला हेच, कुंभलगडला चढ असल्यामुळे थोडे धापा टाकत. अलीकडे त्याला आकडेवारीची जोड मिळाली आहे. राजस्थानचे ६ डोंगरी किल्ले २०१३ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले, तर २०२५ मध्ये मराठ्यांचे एकदम १२. (त्यांपैकी जिंजी तमिळनाडूत आहे, मोजताना तो आपलाच धरावा.) पण नुसते हसून हे वाक्य सोडून देता येणार नाही, कारण त्यात दोन गंभीर दावे दडलेले आहेत. एक, आपले किल्ले लढायचे आणि त्यांचे मिरवायचे. दोन, त्यांचे टिकले कारण ते नमले. दोन्ही दावे तपासून पाहावे लागतील. जयपूर ते जोधपूर रस्ता सव्वातीनशे किलोमीटरहून जास्त आहे, वेळ आहे.

पहिला दावा आमेरच्या पार्किंगमध्येच निकाली निघतो. आपण ज्याला आमेरचा किल्ला म्हणतो तो मुळात राहता राजवाडा आहे. त्याचे रक्षण करणारा जयगड वर डोंगराच्या धारेवर बसलेला असतो, आणि दोहोंना जोडणारा भुयारी रस्ताही आहे. म्हणजे रायगडाच्या तटबंदीची तुलना आपण दुसऱ्याच्या दिवाणखान्याशी करत असतो. जयगडावर जावे. तिथे १७२० मध्ये ओतलेली जयवाण तोफ आहे, वजन सुमारे ५० टन, नळी २० फुटांची, आणि लढाईत ती एकदाही उडाली नाही. चाचणीचा एक गोळा मात्र उडाला. तो चाकसूजवळ पडून तिथे तळे झाले असे गाइड सांगतो. हे तळे दर हंगामात जयगडापासून थोडे आणखी लांब सरकते. यावरून सामान्य नियम असा काढता येतो: गाइडने सांगितलेली दालनांची संख्या खरी मानावी, तोफेचा पल्ला निम्मा करावा आणि राण्यांची संख्या वहीत लिहून घेऊ नये. चितोडला पद्मिनीचा आरसा दाखवतात. आरशाचे वय विचारू नये. चितोडचा पहिला वेढा १३०३ चा आणि जायसीचे 'पद्मावत' १५४० चे, एवढे मनात असू द्यावे. पण त्याच चितोडवर १५३५ आणि १५६८ मध्ये पुन्हा काय कोसळले हे ज्याला ठाऊक आहे, त्याने "मिरवायचे किल्ले" हा शब्दप्रयोग निदान तिथे तरी तोंडातून काढू नये. मेहरानगडच्या डेढ कंगुरा पोलावर तोफगोळ्यांचे व्रण आजही दिसतात. ते जयपूरच्या फौजेने केलेले आहेत, म्हणून जोधपूरचा गाइड ते मोठ्या उत्साहाने दाखवतो आणि जयपूरच्या गाइडला ते ठाऊक नसतात.

दुसरा दावा अधिक अवघड, कारण तो अर्धा खरा आहे. आमेरच्या राजांनी मोगलांची मनसब पत्करली आणि त्या पैशावर पच्चीकारी झाली, यात शंका नाही. ज्या शीशमहालात मराठी कुटुंब डोक्यावरच्या आरशांसह स्वतःचा फोटो काढते, तो मिर्झाराजा जयसिंहाच्या काळचा. पुरंदरचा तह करून १६६५ मध्ये आपले २३ किल्ले घेऊन गेलेला तो हाच. पुढल्या वर्षी आग्र्यात महाराजांची जबाबदारी ज्याच्या गळ्यात पडली, तो रामसिंह त्याचा मुलगा. हे सगळे शाळेत चार मार्कांना घोकलेले असूनही शीशमहालात कोणाला आठवत नाही, तिथे केस नीट आहेत का हे आधी पाहतात. पण टिकण्या-न टिकण्याचा खरा हिशेब १६६५ चा नव्हे, १८१८ चा आहे. त्या जानेवारीत जोधपूर आणि उदयपूर यांनी इंग्रज कंपनीशी तह केले, एप्रिलमध्ये जयपूरने, वर्ष संपता संपता जैसलमेरने. मधल्या मे महिन्यात कंपनीच्याच तोफांनी रायगडावर मारा केला आणि गडावरचे वाडे जळाले. पुढे सह्याद्रीतल्या कित्येक गडांच्या पायऱ्या आणि दरवाजे सुरुंगाने उडवले, पुन्हा कोणी वर जाऊन बसू नये म्हणून. एकाच वर्षात, एकाच कंपनीने, तिकडे गालिचा ठेवला आणि इकडे जोते ठेवले. शौर्याचा यात फारसा संबंध नाही. तहावर सही कोणी केली आणि लढाई कोणी दिली, एवढाच फरक आहे.

आणि ते तहाला एवढ्या घाईने का आले? शिंदे, होळकर, अमीरखान आणि पेंढारी यांच्या वसुलीला कंटाळून. थोडक्यात, उदयपूरच्या ज्या झुंबराखाली उभे राहून आपण "आपल्याकडे असं काही उरलं नाही" म्हणून हळहळतो, ते टिकले त्यात आपल्या खंडणीचाही हातभार आहे. यावर कोणी म्हणेल, कारण काहीही असो, ते नमलेच ना? त्यांनी पुढची सहल ग्वाल्हेरला काढावी. तिथला जयविलास राजवाडा १८७४ चा, बडोद्याचा लक्ष्मीविलास १८९० चा. दोन्ही मराठ्यांचे आणि दोन्ही इंग्रजी सत्तेच्या छत्राखाली उभे राहिलेले. छताला टांगलेली साडेतीन टनांची झुंबरे पाहून मराठी माणूस ग्वाल्हेरात "नमले" असे म्हणत नाही. "आपल्या शिंद्यांचा थाट" म्हणतो. न्याय लावायचाच तर चंबळच्या दोन्ही काठांना एकच लावावा.

आता गाइड या विषयाकडे वळू. सामुदायिक सहलीत इतिहास सांगणारा टूर मॅनेजर आपल्याच बाजूचा असतो. खासगी सहलीत दर दोन दिवसांनी इतिहास बदलतो. जयपूरच्या गाइडचा मानसिंह महापराक्रमी; उदयपूरला पोचेपर्यंत तोच मानसिंह १५७६ च्या हळदीघाटीत अकबराचा सेनापती म्हणून पलीकडे उभा असतो. म्हणून अकबराचे नाव जयपुरात मोकळेपणी घ्यावे, जोधपुरात बेताने आणि उदयपुरात मुळीच घेऊ नये. 'सवाई' म्हणजे सव्वापट, असे जयपूरचा गाइड हाताची बोटे वापरून समजावतो. आपल्याला सवाई माधवराव आणि सवाई गंधर्व दोघेही ठाऊक असले तरी ऐकून घ्यावे, तो त्याचा आवडता परिच्छेद असतो. खरी कसोटी पुढे आहे. कुठल्यातरी सज्जात, वारा छान सुटलेला असताना, गाइड सहज म्हणतो, "फिर मराठों ने लूटा." त्याला आपण कुठून आलो हे माहीत असते, पण वाक्य पाठ असल्यामुळे निघून जाते. अशा वेळी तत्काळ चिवड्याचा बोकणा भरावा. तोंडात चिवडा असलेला माणूस वाद घालू शकत नाही, आणि गाइड चूकही सांगत नसतो. थकलेल्या खंडणीच्या वसुलीला मल्हारराव होळकर जयपुराजवळ आले तेव्हा राजा ईश्वरीसिंहाने डिसेंबर १७५० मध्ये विष घेऊन जीव दिला. त्यानंतर महिन्याभरात जयपुरात मराठ्यांची कत्तल झाली. १७५५ मध्ये नागोरच्या वेढ्यात जयाप्पा शिंदे दग्याने मारले गेले. चिवडा संपल्यावर हे दोन्ही बाजूंचे मिळून शांतपणे सांगता आले तर सांगावे. गाइड क्षणभर थांबतो, मग त्या दिवसापुरता आपल्याला 'सर'ऐवजी 'प्रोफेसर साब' म्हणू लागतो आणि नेहमी बंद असलेला एखादा जिना दाखवतो. वादाने हे कधी साधत नाही.

चालकाविषयी थोडक्यात. शहरे बदलतात, गाइड बदलतात, चालक तोच राहतो. सहलीचा खरा सार्वभौम तो आहे. दुपारी साडेतीनला, पुढचा किल्ला पाचला बंद होणार असताना, तो गाडी एका सरकारी वाटणाऱ्या पाटीच्या दुकानापुढे उभी करतो आणि म्हणतो, "सिर्फ देखिए, लेना ज़रूरी नहीं." ज़रूरी नसतेच. पण गार पाणी येते, मग मसाला चहा, मग सांगानेरी चादरींची घडी एकामागून एक उलगडली जाते, आणि मराठी माणसाला उलगडलेल्या चादरीची लाज वाटते. किल्ल्याला चाळीस मिनिटे आणि दुकानाला पाऊण तास, हे प्रमाण कुठल्याही खासगी सहलीत पाहून घ्यावे. खरे सांगायचे तर इथे मार्गदर्शन संपते आणि कुरकुर सुरू होते. पहिल्याच सकाळी "दुकानं नकोत, त्याऐवजी बक्षिशी थोडी जास्त देऊ" असे सरळ बोलून घ्यावे. चालकाला कमिशन मिळते, त्याचा पगार बेताचा असतो, त्यात लपवण्यासारखे काही नाही. तसेच गाइडचे ओळखपत्र पाहावे, दिवसाचा दर आधी ठरवावा, आमेर सकाळी लवकर आणि कुंभलगड चार वाजल्यानंतर करावा. तिथली तटबंदी ३६ किलोमीटर सांगतात. ती चालून मोजू नये.

यावर शेवटचा आक्षेप येणार: तुलनाच करायची नाही तर जायचे कशाला? आक्षेप रास्त आहे. मराठी पर्यटकाचे सगळे सुख तुलनेत असते आणि ते काढून घेण्याचा अधिकार कोणालाच नाही. मात्र तुलना वाड्याची करू नये, दाराची करावी. रायगडाच्या महादरवाज्याला जो कधी चढून भिडला आहे, त्याला गोमुखी बांधणी सांगावी लागत नाही: दोन बुरुजांच्या आड दार लपलेले, समोर मोकळी जागा नाही, धावून येणाऱ्याला शेवटच्या क्षणी वळावेच लागते. मेहरानगडचा लोहा पोल चढावरून एकदम वळून येतो आणि दारावर हत्तीच्या कपाळाच्या उंचीला लोखंडी अणकुच्या आहेत. विचार तोच, फक्त दगड वेगळा. इकडे काळा बसाल्ट, तिकडे तांबूस वालुकाश्म. किंवा पाण्याची तुलना करावी. प्रत्येक मराठी सहलीत एक काका असतात, जे झरोक्यांकडे पाठ करून विचारतात, "पण इथं पाणी कुठून यायचं?" बरोबरच्यांना त्यांची लाज वाटते, गाइडला कंटाळा येतो, काकू पुढे निघून जातात. हा प्रश्न सोडू नये. जयगडावर डोंगरउतारावरचे पावसाचे पाणी पाटांनी आणून साठवणारी प्रचंड टाकी आहेत, आणि ती पाहताना काकांना सह्याद्रीतले खडकात खोदलेले प्रत्येक टाके आठवते. शंभर दालनांत जे कळत नाही ते काकांना एका टाक्याच्या काठाशी कळते, आणि संध्याकाळच्या जेवणात ते सगळ्यांना दोनदा सांगतात.

परतल्यावर एक कर्तव्य उरते. चालकाला किंवा गाइडला निरोप देताना "कभी महाराष्ट्र आइए" असे आपण सवयीने म्हणून टाकतो. कधी तो खरोखर सहकुटुंब येतो. त्याला रायगडावर न्यावे, रोपवेची रांग सकाळीच गाठावी. वर गेल्यावर तो इकडेतिकडे पाहून अदबीने विचारेल, "महल किधर है?" तेव्हा छाती फुगवू नये आणि मान खालीही घालू नये. जोत्यांकडे बोट दाखवून १८१८ साल सांगावे आणि शेजारीच त्याच्या तहाचे साल सांगावे. दुसऱ्या दिवशी पुरंदर करावा. तिथला माहितगार मिर्झाराजाचे नाव काढील, २३ किल्ल्यांचा हिशेब मांडील आणि आवाज चढवील. पाहुण्याचा चेहरा जरा ताठ होऊ लागला की पिशवीत हात घालून त्याच्यापुढे चिवड्याचा डबा उघडावा.