कुर्स्क जवळ, पटपडगंज दूर

दिल्लीत मयूर विहारच्या एका सोसायटीत रविवारी जेवणाच्या टेबलावर कुर्स्कची लढाई पेटते, खेळण्यातल्या रणगाड्यांची. हिरवे रशियन टी-३४, करडे जर्मन टायगर, मधे थर्माकोलची टेकडी. टायगरची ८८ मिलिमीटरची तोफ काय काय फोडते, हे चिरंजीवांना तोंडपाठ. पण दान पडलं एकचं आणि टायगर जागीच रुतला. मग टेप लावून वाद: गोळा पोचतो की अर्ध्या इंचाने हुकतो? जुलै १९४३ मध्ये रणगाडे भिडले, इथे नियमपुस्तिका भिडतात. पोहे आले की तात्पुरता तह.

पण चिरंजीवांना शेजारचं पटपडगंज विचारा. ‘मदर डेअरीवालं ना?’ ११ सप्टेंबर १८०३ रोजी याच भागात दौलतराव शिंद्यांची फौज इंग्रज सेनापती जनरल लेकशी लढली, हरली आणि दिल्ली इंग्रजांकडे गेली. लढाईचं स्मारक आज नोएडाच्या गोल्फ कोर्सवर उभं आहे. आसपास उडतात ते गोळे नव्हेत, चेंडू.

चिरंजीवांचं तरी काय चुकलं? पटपडगंजात आपला सेनापती फ्रेंच, विजेता इंग्रज, रणांगण गोल्फवाल्यांचं. त्यापेक्षा रशियाची बाजू घ्यावी. निदान जिंकायची शक्यता तरी असते.