आधी फक्की मारा, मग बोलू

बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला नकाशा कळत नाही, असं शहरांचे विकास आराखडे करणाऱ्यांचं पक्कं मत असावं. नाहीतर त्यांनी तो काढण्याआधी त्याला एकदा तरी विचारलं असतं.

आता मोताळा तालुक्यातलं सिंदखेड घ्या. 2018 च्या वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेत हे गाव राज्यात दुसऱ्या क्रमांकाचं मानकरी ठरलं. या स्पर्धेत उतरणारी गावं शिवारफेरी काढत, पाण्याचा ताळेबंद मांडत आणि हायड्रोमार्कर हातात घेत. दोन काठ्या, मध्ये पाण्याने भरलेली पारदर्शक नळी. दोन्हीकडची पातळी जुळली की तिथे खूण. खुणा जोडल्या की समतल रेषा, आणि त्या रेषेवर चर. सातवी शिकलेली बाईसुद्धा डोंगर मोजून मोकळी! इंजिनिअर लागला तो कौतुक करायला.

तिचाच भाचा खामगावला किंवा चिखलीला जाऊन ले-आउटमध्ये प्लॉट घेतो आणि एकदम अडाणी ठरतो. नगररचनेचा कायदा 1966 चा. प्रारूप आराखडा तयार होतो, राजपत्रात आणि वर्तमानपत्रात बारीक टायपात जाहिरात येते, नकाशा नगरपालिकेच्या भिंतीवर लटकतो. मग नागरिकांना 30 दिवस, हरकती आणि सूचनांसाठी. भिंतीसमोर माणूस उभा राहतो, गट नंबर शोधतो, पिवळ्यातून हिरव्यात शिरतो आणि चहा प्यायला निघून जातो. ज्याला नकाशा झटकन कळतो त्याचा प्लॉटचा धंदा असतो, आणि त्याला तो बहुधा जाहिरातीआधीच कळलेला असतो.

परिणाम असा की सूचना कुणी करतच नाही, सगळ्या हरकतीच. ‘माझ्या गटातून रस्ता काढू नये.’ बरं, मग कुणाच्या गटातून काढावा? ते विचारलंच कुणी?

मोठ्या शहरात हे बरं चालतं, असं समजू नका. मुंबईचा प्रारूप आराखडा इतका चुकांनी भरला होता की एप्रिल 2015 मध्ये सरकारने तो रद्द करून नव्याने करायला लावला. चुका शोधल्या लोकांनीच.

हल्ली थ्रीडी चित्रफिती आल्यात. त्यात झाडं हिरवीगार, रस्त्यावर एक गाय नाही, माणसं गोरीपान आणि कुणाच्याही हातात पाण्याचा हंडा नाही. हे शहर कुठलं ते विचारू नये, टाळ्या वाजवाव्यात.

याहून स्वस्त आणि खरी साधनं कधीच सापडलेली आहेत. पुण्यात येरवड्याच्या वस्तीत घरं जागच्या जागी नव्याने बांधायची होती, तेव्हा महिला मिलन या संघटनेच्या बायांपुढे घराचा पूर्ण आकाराचा कापडी नमुना उभा केला गेला. आत शिरा, हात लांब करा, चूल कुठे बसेल ते सांगा. आणि होळकरांच्या इंदूरमध्ये प्लेगच्या काळात आलेला नगररचनाकार पॅट्रिक गेडिस तर कमालच. त्याने जाहीर केलं की दिवाळीची मिरवणूक सर्वात स्वच्छ रस्त्याने जाईल. गल्ल्यागल्ल्यांत झाडलोट सुरू! मिरवणुकीत प्लेगचा अवाढव्य उंदीर, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत सफाई कामगार आणि उद्याच्या घरांच्या प्रतिकृती. त्याचा इंदूरचा अहवाल 1918 चा. शंभर वर्षं उलटली, आमचा नकाशा अजून भिंतीवरच.

म्हणून मागणी साधी आहे. सॉफ्टवेअर नको, सल्लागार नको, चुन्याच्या फक्कीचं पोतं आणा. आराखड्यातला प्रत्येक नवा रस्ता, बाग, शाळेचं आरक्षण जमिनीवर खऱ्या मापात आखा. अठरा मीटरचा रस्ता कागदावर सुतासारखा दिसतो. तो कुणाच्या स्वयंपाकघरातून आणि कुणाच्या गोठ्यातून जातो हे फक्कीच सांगेल. आखणी आठवडी बाजाराच्या दिवशी करा, म्हणजे गर्दी जमवावी लागणार नाही. नेत्याच्या कंपाउंडपाशी रेषा अचानक वळली तर तेही सगळ्यांना एकदमच दिसेल. (पोतं न मिळण्याचं खरं कारण हेच असावं.)

कायद्याने जाहिरात छापायला सांगितलंय. फक्की मारू नका असं सांगितलेलं नाही. तेव्हा तुमच्या गावच्या आराखड्याची जाहिरात दिसली की मुख्याधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या: रेषा जागेवर मारून दाखवा. अर्ज पहिल्याच आठवड्यात द्या आणि पोच घ्यायला विसरू नका. मुदत 30 दिवसांचीच असते.