कुठं उतरलात?

आमच्या मोहोळचा माणूस मुंबईहून परत आला की काम झालं का, हे त्याला नंतर विचारतात. पहिला प्रश्न असतो, "कुठं उतरला हुता?" आणि दुसरा, "किती घेतले?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकलं की गाव त्याच्याकडे, खिसा कापून गेलेल्या माणसाकडे बघावं तसं बघतं. याला अपवाद एकच. त्यांना हे प्रश्न विचारले जात नाहीत, उलट मुंबईला निघालेली माणसं आदल्या दिवशी त्यांच्या ओसरीवर येऊन बसतात. ते माझ्या आक्काचे यजमान. आमचे दाजी.

दाजींनी एसटीत एकतीस वर्षं कंडक्टरकी केली आणि त्यातल्या निम्म्या रात्री मुक्कामी गाडीवर काढल्या. संध्याकाळची शेवटची एसटी आडवळणाच्या गावाला जाते आणि तिथंच थांबते. सकाळी सहाला तीच पहिली गाडी म्हणून तालुक्याला निघते. मधल्या रात्री ड्रायव्हर मागच्या लांब सीटवर, कंडक्टर उन्हाळ्यात टपावर आणि थंडीत देवळात. जेवण कुणाच्या तरी घरून येतं. भाकरी, कालवण, वर तांब्याभर दूध. कंडक्टरनं फक्त एवढंच करायचं, की त्या घरच्या म्हातारीचं गाठोडं तालुक्यापर्यंत सांभाळून न्यायचं. झोपायला पैसे पडतात हे दाजींना वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, निवृत्त झाल्यावर कळलं. तो धक्का त्यांना अजून पचलेला नाही.

मुंबईला जावं लागतं ते भावकीतल्या बांधामुळे. सीनेकाठच्या चार एकरांपैकी दीड गुंठ्याचं अपील तलाठ्यापासून चढत चढत मंत्रालयापर्यंत गेलं आहे. वर्षातून तीन-चार तारखा पडतात. दीड गुंठ्याची किंमत आणि आजवरचा जाण्यायेण्याचा खर्च यांची बेरीज आक्कानं एकदा मांडायला घेतली होती. दाजींनी पाटी पुसून टाकली.

"पाव्हणं," मला पहिल्यांदा बरोबर नेताना ते म्हणाले, "सिद्धेश्वर एक्सप्रेस म्हंजे काय? फिरतं लॉज. राती आडवं व्हायचं, सकाळी मुंबई. झोपंचे पैशे तिकिटात आले."

"पण एसटीचा माणूस तुम्ही, आणि रेल्वेनं?"

"एसटीत आडवं हुता येत न्हाई," दाजी म्हणाले, आणि एकतीस वर्षांच्या निष्ठेवर त्यांनी तिथंच पडदा टाकला.

दाजींची एक तांबड्या पुठ्ठ्याची वही आहे. तिकिटांच्या हिशेबाची सवय असल्यामुळे तिच्यात सरळ रेघा मारून पाच रकाने पाडले आहेत: ठिकाण, दर, पाणी, ढेकूण, माणूस. ‘पाणी’ म्हणजे गरम पाणी किती ते किती. ‘ढेकूण’च्या रकान्यात एक ते पाच फुल्या. ‘माणूस’ म्हणजे काउंटरवरचा मॅनेजर. तिथं ‘बरा’, ‘खडूस’, ‘सकाळी बरा’, ‘गावाकडचा, पण विसरलाय’ असे शेरे आहेत. दादर, परळ, मशीद बंदर, क्रॉफर्ड मार्केट, भायखळा. दाजींनी मुंबई अशी पाच रकान्यांत बसवली आहे. गेटवे ऑफ इंडिया त्या वहीत नाही. तिथं झोपू देत नाहीत.

या वहीचं पहिलं पान भरलं आहे ते आमदार निवासानं. त्याला दाजींचा सुवर्णकाळ म्हणावं लागेल. आमदारांच्या पीएची चिठ्ठी खिशात असली की आकाशवाणी आमदार निवासापासून मंत्रालय हाकेच्या अंतरावर. खोलीत दोन कॉट, आणि तालुक्यातली चौदा डोकी. कुणाचा दवाखाना, कुणाच्या पोराची बदली, कुणाची विहीर. कॉटवर कोण झोपणार हे ज्याच्या त्याच्या गावातल्या मतांवर ठरायचं. दाजींच्या घरात मतं चार, त्यामुळे त्यांची जागा कायम दाराशी, चपलांच्या शेजारी. पण फुकट! मनोरा आमदार निवास पाडलं, तेव्हा दाजींनी ती बातमी दोनदा वाचली आणि संध्याकाळी जेवले नाहीत. पुढं निवडणुकीत पीए बदलला, चिठ्ठीचा झरा आटला, आणि दाजी उघड्या बाजारात आले.

उघड्या बाजारात दाजी खोली कशी बघतात, हे एकदा पाहण्यासारखं आहे. काउंटरवर ते दर विचारतच नाहीत. "आधी खोली दावा," म्हणतात. आत गेल्यावर पहिल्यांदा नळ सोडतात आणि बोट धारेखाली धरून डोळे मिटतात, वैद्यानं नाडी बघावी तसे. मग पंखा एकपासून पाचपर्यंत. मग दाराची कडी तीनदा लावून काढून बघतात. मग खिशातून बॅटरी निघते. गादीचा कोपरा दोन बोटांनी उचलून शिवणीच्या कडेनं उजेड फिरतो. बरोबरचा पोऱ्या यावेळी हमखास छताकडे बघतो. शेवटी दाजी उशीला एक चापट मारतात, धूळ उडाली तर दुसरी मारत नाहीत आणि खाली येतात.

"किती?"

"बाराशे."

"चोवीस तास का बाराचं चेक-आऊट?"

सगळं युद्ध या एका मुद्द्यावर असतं. सकाळी सातला पोचलेल्या माणसाला दुपारी बाराचं चेक-आऊट म्हणजे पाच तासांत एका दिवसाचे पैसे. आणि मंत्रालयात आमच्यासारख्यांना पास मिळणार दुपारी दोननंतर. मधले दोन तास पिशवी घेऊन कुठं बसायचं? म्हणून दाजींना चोवीस तासवालं लॉज लागतं. ‘चोवीस तास चेक-आऊट’ अशी पाटी दिसली की त्यांचा चेहरा, कळस दिसलेल्या वारकऱ्यासारखा होतो.

मॅनेजर रजिस्टर पुढं सरकवतो. कोठून आलात: मोहोळ. कोठे जाणार: मोहोळ. येण्याचे कारण: भावकी. हे वाचून मॅनेजर विचारतो, "मोहोळ कुठं आलं?" इथं मात्र दाजी घासाघीस विसरतात. "सोलापूरच्या अलीकडं. नागनाथाचं मोहोळ. पंढरपूरला जायचा फाटा फुटतो त्ये मोहोळ. रेल्वे टेशन हाय आमच्यात!" एवढं ऐकवून मग शंभर रुपये कमी करून घेतात.

तरी त्यांचा मूळ मुद्दा पैशांचा नाही, हे मला एकदा रात्री कळलं. परळच्या एका लॉजच्या खोलीत आम्ही दोघं कडक भाकरी आणि शेंगाचटणी खात बसलो होतो. बाहेर पाऊस. दाजी म्हणाले, "पाव्हणं, पैशे दिऊन झोपायचं म्हंजे ह्या गावात आपलं कुणी न्हाई, असं लिहून दिल्यागत वाटतंय."

"पण मोठमोठी माणसंही उतरतात की. टिळक क्रॉफर्ड मार्केटच्या सरदारगृहात उतरायचे. १ ऑगस्ट १९२०ला गेले तेही तिथंच."

दाजींनी घास थांबवला. "पुण्यात गायकवाडवाडा असलेला माणूस?"

"होय."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "मग आपलं काय चुकलं न्हाई." त्या रात्री त्यांना छान झोप लागली. आता भाडं देताना ते मॅनेजरलाही टिळकांचं उदाहरण देतात, म्हणजे तो काही कमी करेल या आशेनं.

स्वस्त म्हणून दाजी कुठंही पाय टाकतात असंही नाही. दादरला संत गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे. टाटा रुग्णालयात कॅन्सरच्या उपचाराला आलेल्या गोरगरिबांना आणि त्यांच्या नातलगांना तिथं आसरा मिळतो. मी एकदा तिचं नाव काढलं, तर दाजी रस्त्यातच थांबले. "ती आजाऱ्याची जागा. तिथं आपण धडधाकट माणसानं अंग टाकायचं? गाडगेबाबा झाडूनं हाणतील." वहीत ती धर्मशाळा आहे, पण दराच्या रकान्यात आडवी रेघ आहे. आणि त्या दिवशी गरज नसताना आम्ही महागातली खोली घेतली.

नव्या जमान्याचंही दाजींना वावडं नाही. नोव्हेंबर २०२१मध्ये मुंबई सेंट्रल स्टेशनवर रेल्वेनं पॉड हॉटेल काढलं, तेव्हा ते मुद्दाम बघायला गेले. एकावर एक खोके, प्रत्येकात एक गादी, एक दिवा, एक माणूस. दाजी डोकं आत घालून आले आणि म्हणाले, "मधमाश्यांची सोय बरी केलीया. पर आत उभं ऱ्हाता येत न्हाई. उभं ऱ्हायचे पैशे त्यांनी वाचवले, त्ये आपल्याला कुठं दिले?"

१८ जुलै २०२२पासून हजारांखालच्या खोलीलाही बारा टक्के जीएसटी लागू झाला. तोवर ती माफ होती, आणि त्या माफीवर दाजींचं सगळं अर्थशास्त्र उभं होतं. बिलावर कर बघून त्यांनी मागच्या कोऱ्या बाजूला गणित मांडलं. आठ तास झोप, बारा टक्के, म्हणजे जवळजवळ अठ्ठावन्न मिनिटं. "ह्यातला तासभर मी सरकारसाठी झोपलो," त्यांनी मॅनेजरला सांगितलं. सप्टेंबर २०२५मध्ये तो कर पाच टक्क्यांवर आला. दाजींनी वही काढून जुना आकडा खोडला आणि लिहिलं: चोवीस मिनिटं.

पण दाजींची खरी कीर्ती झाली ती चादरीच्या प्रकरणात. लॉजच्या चादरीवर ते झोपत नाहीत. घरची सोलापुरी चादर पिशवीत असतेच, जाड, डाळिंबी रंगाची, दोन्ही बाजूंनी नक्षी. एकदा खोली सोडताना पोऱ्या वर जाऊन बघून आला आणि मॅनेजरच्या कानाला लागला. मॅनेजरची नजर पिशवीतून डोकावणाऱ्या डाळिंबी कोपऱ्यावर गेली.

"काका, चादर आमची राहिली वाटतं."

काउंटरपाशी चार गिऱ्हाइकं. मला घाम फुटला. दाजींनी मात्र शांतपणे आपली चादर काढून काउंटरवर पसरली. मग पोऱ्याला म्हणाले, "जा, तुमची आण." ती गादीखाली घडी घालून ठेवलेली सापडली. दाजींनी तीही शेजारी पसरली, मग उचलून मॅनेजरच्या तोंडासमोर धरली.

"दिसतंय का काय?"

"दिसतंय," मॅनेजर पलीकडून म्हणाला.

"मी पण दिसतोय न्हवं? म्हंजे ही तुमची." मग आपली धरली. "आता?"

पलीकडून आवाज आला नाही. "ही आमची," दाजी म्हणाले, घडी घातली आणि बाहेर पडले. पायरीवरून परत फिरून त्यांनी मॅनेजरला सोलापुरात चादरी कुठं स्वस्त मिळतात, तेही सांगितलं.

एवढं करून वाचतं काय? दादरला शंभर रुपये कमी होतात म्हणून आम्ही भायखळ्याचं लॉज सोडतो. दादरला जायला टॅक्सी, कारण पिशवी जड. पिशवी जड, कारण चादर. घरी आल्यावर आक्का सगळं ऐकून घेते आणि म्हणते, "हितंच झोपला असता तर समदेच वाचले असते." दाजी तिला उत्तर देत नाहीत. वहीत मात्र ‘वाचले: १००’ अशी नोंद होते. टॅक्सीला रकाना नाही.

मागच्या कार्तिकीनंतरची गोष्ट. रात्री साडेदहाला दाजींचा फोन आला, "पाव्हणं, तुमच्याकडची एक कॉट घिऊन या." मी कॉट डोक्यावर घेऊन पोचलो, तर ओसरीवर एक अनोळखी कुटुंब. नवरा, बायको, दोन पेंगुळलेली पोरं, एक आजी. पंढरपूरहून येताना हायवेला लागता लागताच त्यांची गाडी बंद पडली होती. गॅरेज सकाळी उघडणार. चौकात त्या गृहस्थांनी नेमकं दाजींनाच विचारलं होतं, "इथं एखादं परवडणारं लॉज आहे का हो?"

मुंबईच्या पाच रकान्यांत ज्यांची वही भरली आहे, त्या दाजींना मोहोळातल्या एकाही लॉजचा दर सांगता आला नाही. कधी विचारायची वेळच आली नव्हती. "लॉज?" ते म्हणाले होते, "आमी मेलोय का?"

आक्कानं साडेअकराला पिठलं-भाकरी वाढली. आजींना माजघरात गादी, पोरांना माझी कॉट. गृहस्थांच्या अंगावर डाळिंबी चादर. दाजी स्वतः बाहेर कट्ट्यावर झोपले. मुक्कामी गाडीच्या टपावर झोपत असत तसे, हात उशाला घेऊन.

सकाळी गाडी दुरुस्त झाली. निघताना त्या गृहस्थांनी चाचरत खिशात हात घातला आणि पाचशेच्या दोन नोटा काढल्या. दाजींचा चेहरा विनातिकीट प्रवासी सापडल्यासारखा झाला.

"आत ठिवा ते."

"अहो पण..."

"ठिवा म्हंतो ना. कुठं ऱ्हाता तुमी?"

"डोंबिवलीला. स्टेशनपासून दहा मिनिटं."

दाजी क्षणभर थांबले. मग आत गेले आणि तांबडी वही घेऊन आले. पेनाचं टोपण काढून त्यांनी नवी ओळ सुरू केली आणि मान वर न करता विचारलं, "सकाळी पाणी किती वाजता येतं?"

गाडी गेल्यावर मी वही बघितली. ठिकाण: डोंबिवली, टेशनजवळ. पाणी: सहा ते आठ. ढेकूण: विचारलं नाही. माणूस: आपला.

दराच्या रकान्यात लिहिलं होतं: पिठलं-भाकरी, पाच ताटं. आगाऊ भरले.