बाई गं, सकाळी गॅसच पेटला नाही!

ऐकलंत का? आधी दार लोटून घ्या, मग सांगते. चांगल्या चांगल्या घरांतून हल्ली सकाळी फोडणीचा आवाज येईनासा झालाय. मोहरी तडतडत नाही, हिंगाचा वास जिन्यात उतरत नाही. शेजाऱ्यांना आधी वाटलं, सिलिंडर संपला असेल. मग वाटलं, नवराबायकोत वाजलं असेल. खरा प्रकार कळला तेव्हा मात्र ‘त्यापेक्षा भांडण परवडलं’ असं म्हणायची पाळी आली. घरातली सून रात्री झोपायच्या आधी काचेच्या बाटलीत ओट्स, दूध आणि दही कालवते, झाकण लावते, बाटली फ्रिजमध्ये सारते आणि खुशाल झोपते. सकाळी तेच थंडगार प्रकरण चमच्याने खाते. तेही उभ्याने, एका हातात मोबाइल धरून. झाला नाश्ता!

या थेराला म्हणायचं ‘ओव्हरनाइट ओट्स’. जिमवाल्यांपासून सुरुवात झाली, मग आयटीवाले लागले, आता बारावीची पोरंसुद्धा क्लासला जाताना बाटली घेऊन निघतात. आणि ज्याला फोडणीचा स्पर्शही नाही, त्याच्यावर गच्चीत, लिफ्टमध्ये, भाजीवाल्याच्या गाडीपाशी चर्चा मात्र अशी रंगते की विचारू नका.

आरोपपत्र मोठं आहे. पहिलं कलम, कच्चं खातात.

“अगं, पण शिजवलं कधी?”

“शिजवायचं नसतं, आई.”

“मग मऊ कसं झालं?”

“रात्रभर भिजलं ना.”

“पावसात चपलापण भिजतात. खातो का आपण?”

युक्तिवाद बिनतोड, पण कोर्टात टिकणारा नाही. बाजारात ‘रोल्ड ओट्स’ म्हणून जे मिळतात ते कच्चे दाणे नसतातच. साल काढलेल्या दाण्याला कारखान्यात वाफ देतात, मग रुळांखाली चपटा करून वाळवतात. त्या वाफेमुळे दाण्यातल्या स्निग्धांशाला खवट वास धरत नाही आणि दाणा अर्धामुर्धा शिजलेलाही असतो. भात भिजवून, भाजून, चेपून पोहे करतात, तसाच हा मामला. आणि दहीपोहे खाताना कुणी कधी ‘कच्चे कसे गं खाता’ म्हणून डोळे मोठे केलेले मला तरी आठवत नाहीत.

दुसरं कलम अब्रूचं. ज्यांची गावी गाईम्हशी आहेत, ते तर तोंडावर हात ठेवूनच बोलतात. “ओट? अहो, तो आम्ही रब्बीत गोठ्यासाठी पेरतो!” हे मात्र शंभर टक्के खरं. आपल्याकडे ओट म्हणजे हिरवा चारा. ‘केंट’ हे त्याचं जुनं चालतं वाण, राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं ‘फुले हरिता’ही आहे. पेरल्यापासून पन्नास-पंचावन्न दिवसांत पहिली कापणी होते आणि हिरवागार भारा गोठ्यात जातो. तेव्हा ज्या पिकावर म्हैस दूध देते, तेच पीक त्याच म्हशीच्या दुधात भिजवून आपण खातो, हे गावच्या काकांना समजावून सांगायची हिंमत भल्याभल्यांना होत नाही. त्यातून पाकिटावरची किंमत त्यांनी वाचली तर पुढचा सगळा मुक्काम त्याच विषयावर जातो.

तिसरं कलम, शिळं आणि वर थंड. म्हणणारे कोण? जे स्वतः रात्री मटकी भिजत घालतात, साबुदाण्यावर पाण्याचा हात फिरवून झाकून ठेवतात, इडलीचं पीठ आंबायला ठेवतात, दुधाला विरजण लावतात. रात्रीच्या भरवशावर मराठी स्वयंपाकघर कधीपासून चाललंय! पण थांबा, या दोन्हींत एक मोठा फरक आहे. त्याच्याकडे मी शेवटी येते, कारण खरी भानगड तिथेच आहे.

आधी या उद्योगाचा मूळ पुरुष बघा. तोही काही साधा माणूस नव्हे. स्वित्झर्लंडमध्ये झुरिक नावाचं शहर, तिथले डॉक्टर मॅक्सिमिलियन बर्चर-बेनर. कच्च्या फळाभाज्यांत सूर्याची शक्ती साठलेली असते आणि शिजवलं की ती कमी होते, असं त्यांचं ठाम मत. मांस खाल्लं म्हणजेच ताकद, असं मानणारा तो काळ. आसपासच्या डॉक्टरमंडळींनी नाकं मुरडली, पण हा गडी ऐकतोय कुठला? त्यांनी १९०४ साली झुरिकबर्ग टेकडीवर आपलं आरोग्यधाम उघडलं आणि श्रीमंत, थकलेल्या, पोट बिघडलेल्या युरोपाला पहाटे उठवून फिरायला लावलं, बागेत राबायला लावलं आणि वर भिजवलेले ओट्स खायला घातले. जर्मन कादंबरीकार टोमास मान १९०९ साली तिथे राहून गेले आणि तिथल्या शिस्तीला त्यांनी चक्क तुरुंगाच्या पंक्तीला बसवलं. म्हणजे या पदार्थावर कुचकुच करण्याची परंपराही शंभर वर्षांपुढची आहे, आपण एकटेच नाही.

आणि त्या मूळ पदार्थाची कृती ऐकाल तर आजच्या भक्तांचं तोंड पाहण्यासारखं होईल. त्यात ओट्स किती? एक चमचा! माणशी एक टेबलचमचा ओट्स तीन चमचे पाण्यात बारा तास भिजवायचे. सकाळी त्यात लिंबाचा रस आणि चमचाभर गोड आटवलेलं डब्याचं दूध घालायचं. मग एक मोठं सफरचंद सालीसकट, बियांच्या गाभ्यासकट त्यातच किसायचं आणि किसल्या किसल्या ढवळायचं, म्हणजे काळं पडत नाही. वर बदाम किंवा हेझलनट कुटून. थोडक्यात, तो सफरचंदाचा पदार्थ होता आणि ओट्स नुसते पाहुणे म्हणून आले होते. डब्यातलं दूध का, तर त्या काळी कच्च्या दुधातून क्षय पसरायची भीती असे. पुढे पाहुणाच घरमालक झाला, सफरचंद बाहेर गेलं आणि पंचतारांकित हॉटेलांच्या नाश्त्याच्या टेबलावर ‘बर्चर म्यूसली’ या नावाने दह्यातला लगदा येऊन बसला.

आता तुम्हाला कृती हवीच असेल. हो हो, मला माहीत आहे, ‘शेजारणीसाठी’ विचारताय. अर्धी वाटी रोल्ड ओट्स, अर्धी ते पाऊण वाटी दूध, दोन मोठे चमचे दही, चिमूटभर मीठ. मीठ विसरलात तर सगळं बेचव लागतं. झटपट ओट्स आणू नका, सकाळपर्यंत त्यांची खळ होते. स्टील-कट आणलेत तर सकाळीही कचाकचा चावत बसाल. चमचाभर चिया घालतात ते घट्टपणासाठी. ते बी पाणी पिऊन फुगतं आणि भोवती बुळबुळीत थर धरतं. हे पाहिल्यावर ‘हा तर आपला सब्जा!’ असं म्हणून अर्धी सोसायटी जिंकल्यासारखी हसते. तो सब्जा नव्हे. चिया मूळची मेक्सिकोकडची आणि सब्जा हे रानतुळशीसारख्या झाडाचं बी. पण दोघांचं कूळ तुळशीचंच, त्यामुळे नात्यात फार बिघडत नाही. सब्जा घातलात तरी चालतं.

फळांच्या बाबतीत मात्र भल्याभल्यांची फजिती होते. केळं रात्री घालाल तर सकाळी काळं पडलेलं मिळेल, ते खातानाच कापा. कच्चं अननस, किवी किंवा पपई रात्रभर दुधात ठेवाल तर त्यांतली पाचक द्रव्यं दुधातल्या प्रथिनांचे तुकडे पाडतात आणि सगळा ऐवज कडू होतो. हापूस गुणी, तो रात्रभर राहिला तरी रुसत नाही. बदाम-अक्रोड सकाळी, नाहीतर त्यांचा कुरकुरीतपणा जातो. बाटली फ्रिजमध्येच ठेवा. आपल्या एप्रिलच्या रात्री ओट्यावर राहिलेलं दूध सकाळपर्यंत वेगळ्याच विषयात पदवी घेऊन बसतं. फ्रिजमध्ये मात्र तीन दिवस निर्धास्त.

आणि बाटली कुठली घेता, ती हुंगून घ्या. खास या कामासाठी महागडी परदेशी धाटणीची बरणी आणणारे आहेतच, पण आपल्या घरी सिंकखाली रिकाम्या बाटल्यांचं संमेलन भरलेलं असतं. त्यातली जॅमची चालेल. लोणच्याची नको. काच धुऊन निघते, झाकणाच्या आतली रबराची कड निघत नाही. मध आणि दालचिनी घातलेल्या दुधाला सकाळी कैरीच्या लोणच्याचा खार लागलेला असतो, आणि तो पहिला चमचा तोंडात गेल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते बघण्यासाठी मी लवकर उठायला तयार आहे.

खरं लाज वाटण्यासारखं काही असेल तर ते ‘हेल्दी’च्या नावाखाली चालतं ते. ओट्समधला विद्राव्य तंतू, बीटा-ग्लुकान, कोलेस्टेरॉल उतरवायला मदत करतो हे खरं. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने १९९७ साली त्याच आधारावर ‘हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो’ असा दावा पाकिटावर छापायला परवानगी दिली, मात्र दिवसाला तीन ग्रॅम बीटा-ग्लुकान पोटात जायला हवं या हिशोबाने. आपल्या अर्ध्या वाटीत त्याच्या निम्म्याच्या आसपास येतं. पण आता ‘तिरामिसू ओट्स’ निघालेत, कॅरमेल बिस्किटांचा चुरा घातलेले निघालेत, चॉकलेटचा थर वर ओतून चमच्याने टक्कन फोडायचे निघालेत. सकाळी सात वाजता पुडिंग खायचं आणि वर ‘मी डाएटवर आहे’ म्हणायचं! आमच्या आजीने श्रीखंड चापताना असली सबब कधी सांगितली नाही.

दुसऱ्या बाजूला मराठी जिभेनेही हात दाखवलाच आहे. काही घरांत साखर हद्दपार झाली. ओट्स दह्यात भिजवायचे, सकाळी काकडी कोचून घालायची, मीठ, कोथिंबीर आणि वरून जिरं, हिंग, कढीपत्ता, हिरव्या मिरचीची फोडणी. डॉक्टर बर्चर-बेनर झुरिकच्या टेकडीवरून खाली उतरून आले असते, पण चव मात्र लागते झकास. आणि बघा, फोडणी आली म्हणजे गॅस पेटला, गॅस पेटला म्हणजे शेजाऱ्यांचा जीव भांड्यात पडला.

आता ती भानगड. मटकी, साबुदाणा, इडलीचं पीठ हे सगळं रात्री भिजतं खरं, पण सकाळी त्याला कुणीतरी उठून उभं राहावं लागतं. कूट करायला, जिरं टाकायला, इडलीपात्र लावायला, गरम गरम वाढायला. आणि त्या ‘कुणीतरी’ला घरोघरी एकच नाव आहे, ते मी सांगायला नको. ओव्हरनाइट ओट्स भिजवणारी बाई सकाळी उभी राहत नाही, एवढाच तिचा गुन्हा. ‘कच्चं’, ‘थंड’, ‘चारा’ ही सगळी कलमं वरवरची. आत खुपतं ते हे की सात वाजले तरी ती शांतपणे पेपर वाचत बसलेली दिसते.

त्याहून गंभीर बाब पुढची. पोहे का करत नाही विचारलं की घरातले पुरुष म्हणायचे, ‘मला फोडणी जमत नाही.’ उपमा? ‘गुठळ्या होतात.’ पोळी? ‘नकाशा होतो.’ आता या पदार्थात फोडणी नाही, गुठळी नाही, लाटणं नाही, आच नाही. बाटली उघडायची, चार गोष्टी घालायच्या, झाकण लावायचं. बाटलीचं झाकण तर यांच्याच हातून उघडून घ्यायची आपली वहिवाट! तेव्हा आज रात्री प्रश्न सरळ विचारून बघा: “अहो, उद्याच्या बाटल्या तुम्ही भरताय ना?” काय उत्तर मिळतं ते उद्या सकाळी मला येऊन सांगा. निवांत या, माझाही गॅस बंदच असेल.